एकदाच विचारणाऱ्यांच्या घरी

फ्रीजच्या पोटात बर्फाचे खडे धडाधड कोसळले आणि चिडीचूप घरात उल्काच्या हातून गोठलेल्या मटारची पिशवी खाली पडली. सहा वर्षांपासून हा फ्रीज या घरात होता. दर दोन-तीन तासांनी तो आपला आपण बर्फ करतो आणि आपला आपण खाली टाकतो, हे तिला पाठ होतं. तरी दचकली. हल्ली ती कशालाही दचकायची. टोस्टर उडाला तरी, शेजारच्यांनी गाडीचं दार लावलं तरी.

तिने बेडरूमकडे कान लावला. काही हालचाल नाही. पिशवी उचलून तिने पुन्हा डाव्या डोळ्यावर धरली आणि ओव्हनच्या काळ्या काचेत पाहिलं.

नागपूरला एका रक्तपेढीत ती सात वर्षं टेक्निशियन होती. कुणाचीही शीर तिला पहिल्या टोचणीत सापडायची. घाबरट पोरं आईला म्हणायची, 'त्या टिकलीवाल्या ताईकडूनच.' त्यामुळे कातडीखाली साकळलेलं रक्त कसं रंग बदलतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आधी लाल, मग जांभळं, चार-पाच दिवसांनी हिरवट, मग पिवळं. पिवळ्यावर पावडर बसते. जांभळं मात्र काही केल्या लपत नाही. आज नेमकं जांभळं होतं.

कारण म्हणावं तर एवढंसं. काल जेवताना ती बोलून गेली, "तुमच्या ऑफिसातल्या प्रसादचं ग्रीन कार्ड आलं म्हणे, त्याची नीना सांगत होती." बस. आधी वरणाची वाटी आली, मग मूठ. मारून झालं की तिचा नवरा सुशांत उठायचा आणि भांडी घासायचा. अगदी नीट, पाठीमागून, कडांमधून. कालही कढई इतकी लखलखीत घासली होती की तिला त्या कढईचीच भीती वाटली.

"मम्मा?"

अनया दारात उभी. साडेपाच वर्षांची, केसांचं घरटं झालेलं. तिने आईचा डोळा पाहिला, पिशवी पाहिली.

"बाथरूममध्ये?" तिने विचारलं.

"हो राजा. बाथरूममध्ये."

अनयाने मान हलवली. पाढा बरोबर आल्यावर हलवतात तशी.

सुशांत बाहेर आला तेव्हा त्याची दाढी झाली होती, आकाशी शर्टाला कडक इस्त्री होती. त्याने उल्काची हनुवटी दोन बोटांत धरून चेहरा खिडकीकडे वळवला, एखादी वस्तू परत करण्याआधी पाहावी तसा.

"कन्सीलर दोन वेळा लाव. गॉगल काढायचा नाही. कुणी विचारलंच तर मायग्रेन." मग जरा थांबून, "उवेच्या सहीवर सगळं अडकलंय आपलं. माझं, तुझं, हिचं. कळतंय ना? आज सीन नको, उल्के."

कळत होतं. उवे क्राउझ त्याचा जर्मन मॅनेजर, आज त्याच्याकडेच जायचं होतं, आणि ग्रीन कार्डचे कागद त्याच्याच सहीने पुढे जाणार होते. तिचा व्हिसा सुशांतच्या व्हिसाला बांधलेला आणि तिघांचे पासपोर्ट सुशांतच्या लॅपटॉपच्या बॅगेत, नंबरचं कुलूप लावलेल्या कप्प्यात. महिन्यापूर्वी तिने मोठ्या बहिणीला, अहिल्याताईला, फोनवर चाचरत सांगितलं होतं. ताई म्हणाली, "ग्रीन कार्ड होईपर्यंत दम धर गं. मग बघू." तिचं चूक होतं असंही नाही. दम धरण्याची उल्काला सवय होतीच.

हर्नडनच्या घरून ग्रेट फॉल्सच्या धबधब्यावर जायला वीस मिनिटं लागतात. पण जर्मन माणसाला साडेनऊ म्हणजे साडेनऊ, म्हणून सुशांत नऊ पाचलाच निघाला. जॉर्जटाउन पाइकचा रस्ता अरुंद, वळणावळणाचा, दोन्हीकडे दाट झाडी. पुढे एक सायकलवाला चालला होता. सुशांतने हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि मग गाडी त्याच्या मागच्या चाकाला इतकी चिकटवली की उल्काचे पाय आपोआप ब्रेक शोधायला लागले.

"अहो, हळू. मागे अनया आहे."

"हळू?" त्याने गाडी बाहेर काढली आणि सायकलवाल्याला हातभर अंतरावरून घासून पुढे नेली. आरशात तो माणूस कडेच्या झाडोऱ्यात कलंडताना दिसला. सुशांत हसला. उजवा हात स्टिअरिंगवरून काढून त्याने तिच्या मांडीवर ठेवला आणि हळूहळू मूठ आवळत नेली. "आज हसत राहायचं. काय?"

मागे अनया पुटपुटत आकडे मोजत होती. मोठा आवाज झाला की ती मोजायची. एकतीसपर्यंत पोचली तेव्हा त्याने मूठ सोडली.

क्राउझ पतिपत्नी आधीच येऊन थांबली होती. उवे उंच, पांढऱ्या दाढीचा, दोन्ही हातांत डोंगर चढायच्या काठ्या. गुद्रून ठेंगणी, केस पुरुषासारखे कापलेले, हात मात्र रुंद. चाळीस वर्षं फिजिओथेरपिस्ट होती, नुकतीच रिटायर झालेली. एकोणीस वर्षं ती दोघं या देशात होती आणि उवेच्या टीममध्ये नवं कुणी आलं की एका शनिवारी त्यांना धबधबा दाखवायचा आणि घरी जेवू घालायचं, हा त्यांचा नेमच.

"नऊ अठ्ठावीस!" उवे घड्याळ पाहून सुशांतला म्हणाला. "तू आमच्यातलाच आहेस."

सुशांत खळखळून हसला. बाहेर त्याचं हसू फार सुंदर होतं. लग्नाआधी तिलाही ते आवडलं होतं.

पोटोमॅक नदी तिथे सरळ वाहतच नाही. काळ्या, धारदार खडकांवर ती स्वतःला आपटून घेते. वरून पाहिलं तर पाणी वाटतच नव्हतं, पांढऱ्या रागाचे लोटच्या लोट. कानात दुसरं काही शिरत नव्हतं. कठड्यापाशी पाट्या लावलेल्या, पाण्यात उतरू नका, माणसं बुडाली आहेत. उवेने पुराच्या खुणांचा खांब दाखवला. कुठल्या साली पाणी कुठवर चढलं ते एकावर एक लिहिलेलं. सगळ्यात वरची खूण उवेच्या डोक्याच्याही वर होती.

"आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा असं, शांत," उवे म्हणाला. "लोक येतात, सँडविच खातात. त्यांना खरं वाटत नाही."

उल्काने खांबाकडे नीट पाहिलं. तिला खरं वाटत होतं.

"फोटो!" सुशांत ओरडला. त्याने अनयाला उचललं आणि कठड्याच्या वरच्या दांडीवर बसवलं. पाठीमागे सरळ खाली दरी आणि उकळतं पाणी. "उल्का, काढ. अजून जवळ ये."

"अहो, खाली घ्या तिला."

त्याचे दोन्ही हात अनयाच्या कमरेला होते. मग त्याने एक हात काढला आणि आपले केस सारखे केले. उल्काच्या डोळ्यांत बघत. अगदी सावकाश. "किती सोपं असतं ना?" तो मराठीत म्हणाला, चेहऱ्यावर तेच सुंदर हसू.

अनया पाय न हलवता बसली होती. ओठ हलत होते. सात, आठ, नऊ. उल्काच्या हातातल्या फोनच्या पडद्यावर नुसता लाल फ्रॉक आणि पांढरा फेस दिसत होता.

"खाली उतरव." उवेचा आवाज. "आत्ता. हे इथे चालत नाही. आणि मूर्खपणाचं आहे."

त्याने आवाज चढवला नव्हता. पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाला होता. जर्मन माणूस असाच बोलतो, मनात धरत नाही, असं सुशांतच तिला सांगायचा. पण आता त्याच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. त्याने अनयाला उतरवलं. "सॉरी, सॉरी, ऑफ कोर्स." आणि मग लेकीचा फ्रॉक सारखा करताना, मध घोळल्यासारख्या आवाजात, उल्काला, "तुझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं. सुतकी थोबाड करून उभी राहतेस म्हणून. घरी चल तू. आज तुला दाखवतो."

"किती गोड भाषा आहे तुमची," गुद्रून म्हणाली. "कळत काही नाही. पण गाण्यासारखी वाटते."

उल्का हसली. हसत राहायचंच होतं.

झाडाखालच्या बाकावर गुद्रूनने डबा उघडला. सकाळची दुसरी न्याहारी, ती म्हणाली. गोल पाव, लोणी, चीज, उकडलेली अंडी, काकडीचं लोणचं. पावाचा वास उल्काच्या नाकात शिरला. काल दुपारपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

गुद्रूनने डबा तिच्यासमोर धरला. "घेणार?"

"नको, नको. थँक यू."

"बरं," म्हणून गुद्रूनने डबा उवेकडे वळवला.

उल्का बघतच राहिली. कुठल्याही घरी पहिलं नको हे नकोच नसतं. ते दाराची कडी वाजवण्यासारखं असतं. मग समोरची म्हणते, अगं घे गं, एक तरी. मग आपण म्हणायचं, खरंच नको, आत्ताच झालंय. मग ती म्हणते, माझी शपथ. आणि मग कुठे हात पुढे होतो. तिची आई तर पाहुण्याच्या पानात न विचारताच वाढायची. इथे एका शब्दात डबा पुढे निघून गेला होता.

उवेच्या ते लक्षात आलं. तो हसायला लागला. "उल्का, ऑफिसात मी हे शिकलोय. तुमच्याकडे नाही म्हणजे पुन्हा विचारा. पण माझ्या बायकोला ते जमत नाही. ती एकदाच विचारते, एकच उत्तर घेते."

"मग काय," गुद्रून म्हणाली. "मोठं माणूस नाही म्हणालं तर त्याला पुन्हा विचारणं म्हणजे तू खोटं बोलतेस असं सांगणं. ते मला उद्धटपणाचं वाटतं."

सुशांत सगळ्यात मोठ्याने हसला. "शी इज ऑन डाएट," त्याने सांगून टाकलं.

अनयाने आपल्या पावाचा अर्धा तुकडा मुठीत लपवून आईच्या पर्समध्ये टाकला. कुणी पाहिलं नाही.

क्राउझांचं घर तिथून पंधरा मिनिटांवर होतं. मागे लाकडी डेक, हिरवळ, झाडाला टांगलेला झोका. उवेने शेगडी पेटवली, सुशांत हाताशी उभा राहिला. मासे, सॉसेज, सॉफ्टवेअरची रिलीज कधी जाणार, टीममध्ये कोण कसं. अनया झोक्यावर. उल्काला गुद्रून स्वयंपाकघरात घेऊन आली.

"बटाटे गरम असतानाच सोलायचे," तिने सांगितलं. "थंड झाले की सॅलडमध्ये व्हिनेगर शोषत नाहीत. चटका बसेल. चालेल ना?"

"चालेल." चटक्याचं उल्काला काय.

गुद्रूनने भलंमोठं पातेलं सिंकमध्ये उपडं केलं आणि वाफेचा ढग उल्काच्या तोंडावर आला. गॉगलच्या काचा पांढऱ्या झाल्या. काही दिसेना. आणि हात बटाट्याने भरलेले असताना बाई जे करते तेच तिने केलं. मनगटाने गॉगल कपाळावर सारला, बाहीने चेहरा पुसला.

बाहीवर तपकिरी डाग उमटला. दोन वेळा लावलेलं कन्सीलर.

गुद्रूनने सुरी खाली ठेवली. हात पुसले. गॅस बंद केला. डेककडे जाणारं सरकतं दार लावून घेतलं. बाहेरचं हसणं कापल्यासारखं थांबलं.

तिने उल्काचा चेहरा पाहिला, मग न विचारता तिची डावी बाही कोपरापर्यंत वर केली. तिथे चार बोटं आणि एक अंगठा होता, पिवळा पडत चाललेला. गुद्रूनने फक्त आपली रुंद बोटं त्या खुणांवरून, न टेकवता, एकदा नेली.

"उल्का, हे तुझ्या नवऱ्याने केलं का?"

दाराच्या काचेतून सुशांतची पाठ दिसत होती. मग तो वळला. दार लावलेलं त्याला दिसलं.

"नाही," उल्का म्हणाली. "बाथरूममध्ये पडले."

आणि ती थांबली. हातात गरम बटाटा, तळवा भाजत होता, तरी तिने तो सोडला नाही. आता ही म्हणेल, खरं सांग गं. मग मी म्हणेन, खरंच. मग ही म्हणेल, माझी शपथ. तिसऱ्या खेपेला मी सांगेन. आई गं, तिसऱ्या खेपेला मी सगळं सांगेन.

गुद्रून तिच्याकडे बघत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "बरं."

तिने दार उघडलं. गॅस लावला. पुढचा बटाटा घेतला. तिची सुरी आता फार जोरात चालत होती, सालीबरोबर बटाट्याचा गरही जात होता. पण तिने विचारलं नाही.

डेकवर जेवायला बसले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. टेबलावर निळ्या चौकड्यांचं कापड, बटाट्याचं सॅलड, भाजलेले मासे, लोण्यात परतलेलं शतावरीसारखं पांढरं काहीतरी, त्याचं उवेला फार कौतुक. सुशांतने काट्याने मासा उलगडला, एक काटासुद्धा तुटू न देता. मग उल्काच्या ताटात वाढत, लाडाने मान कलती करून, अगदी हळुवार स्वरात बोलला.

"काय बोललीस आत? दार लावून? एकेक दात पाडून हातात देतो, थांब. तुझ्या त्या ताईलाही पाठवतो दोन कुरियरने."

"पुन्हा ते गाणं!" गुद्रून म्हणाली. तिचं हसू मात्र सकाळसारखं नव्हतं. ती अनयाकडे वळली. "अनया, तुला दोन्ही भाषा येतात ना? सांग बरं, पपा काय म्हणाले?"

सुशांतचा काटा माशात रुतलेला. उल्काला स्वतःच्या कानांत धबधबा ऐकू यायला लागला.

अनयाने बाबाकडे पाहिलं. मग आईकडे. मग तिने ओठ रुंद केले, दोन्ही गालांना खळ्या पाडल्या, आणि म्हणाली, "ही सेड, मम्मा शुड ईट मोअर."

"व्हेरी गुड," सुशांत म्हणाला आणि लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

उल्काने ते हसू ओळखलं. दात दिसायचे, डोळे जागचे हलायचे नाहीत. रोज सकाळी आरशात ती स्वतःला जे चढवायची तेच. तिने ते कधी पोरीला शिकवलं नव्हतं. पोरगी बसल्या बसल्या शिकली होती, जसे मराठी आकडे शिकली. साडेपाच वर्षांत इतकं सफाईदार.

त्यानंतरचा सफरचंदाचा केक, कॉफी, उवेच्या लहानपणच्या गावाचे फोटो, यातलं काहीच तिच्या डोक्यात शिरलं नाही. हात धुवायला म्हणून ती उठली तर पॅसेजमध्ये सुशांत मागोमाग आला. एका हाताने तिचं तोंड दाबून दुसऱ्याने तिची करंगळी मागे वाकवत नेली. ती ओरडली नाही. करंगळीत काहीतरी कट्‌ झालं. "गाडीत बस आता. आभार मान आणि बस." त्याच्या श्वासाला केकमधल्या दालचिनीचा वास होता.

निरोप द्यायला क्राउझ पतिपत्नी गाडीपर्यंत आली. पाहुणा वळणाआड होईस्तोवर हात हलवत उभं राहायचं, ही त्यांची रीत. सुशांतने अनयाला मागच्या सीटवर पट्टा लावला. उल्कासाठी दार उघडून धरलं. ती बसली. त्याने दार लावलं, वळसा घालून आला, गाडी सुरू केली. सोमवारी भेटू, उवे. गाडी मागे सरकायला लागली.

उल्काने मान वळवून मागे पाहिलं. अनया काचेला हात लावून गुद्रूनला टाटा करत होती. तेच हसू घालून.

उल्काने पट्ट्याची कडी सोडली. गाडी टिंग टिंग वाजायला लागली.

"काय करतेस? पट्टा लाव. उल्के!"

तिने दार उघडलं. गाडी चालू होती. ती गुडघ्यावर पडली, खडीत हातही घासला, करंगळीतून कळ डोक्यात गेली. उठायला जमेना, म्हणून ती बसल्या जागेवरून ओरडली. इतका मोठा आवाज तिने या देशात कधी काढला नव्हता.

"गुद्रून! मला परत विचार! तू मघाशी विचारलंस ते, परत विचार!"

गुद्रूनचा हलता हात हवेत तसाच राहिला. दोन पावलं पुढे येऊन, एकेक शब्द नीट लावत तिने विचारलं, "उल्का, हे तुझ्या नवऱ्याने केलं का?"

"हो."

एवढाच शब्द. किती लहान होता.

सुशांत गाडी तिथेच टाकून उतरला. आधी इंग्रजीत. "शी इज नॉट वेल. तिचं औषध चालू आहे." मग तिच्यापर्यंत पोचेतो इंग्रजी गळून पडली. "रांड, माझं वाटोळं करतेस?" त्याने तिचे केस मुठीत धरून तिला उठवलं आणि तिचं डोकं गाडीच्या बॉनेटवर आपटलं. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा मध्ये उवे आला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, हात वर करून, "स्टॉप, सुशांत, स्टॉप," एवढंच म्हणत. सुशांतची मूठ त्याच्या तोंडावर बसली. पांढऱ्या दाढीत लाल धार उतरली. उवे खडीवर बसला आणि आपलाच एक दात तळहातावर घेऊन बघत राहिला.

तेव्हा सुशांत थांबला. आपल्या मुठीकडे बघत, जणू ती कुणीतरी त्याच्याकडे ठेवायला दिली होती. उवेचं रक्त. सहीवाल्या हाताच्या माणसाचं रक्त. गुद्रून फोनवर पत्ता सांगत होती, घरनंबर दोनदा.

सुशांतने कुणालाही काही म्हटलं नाही. तो घराला वळसा घालून डेकवर गेला. बारा मिनिटांनी पोलिस आले तेव्हा तो टेबलावरच्या ताटल्या उचलत होता. माशाचे काटे एका ताटलीत गोळा केलेले, काटे-चमचे वेगळे लावलेले.

बाई ऑफिसर उल्काला बाजूला घेऊन बसली. तिने तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. रीतच तशी असणार. उल्काने तिन्ही वेळा पहिल्या दमात हो म्हटलं. करंगळी सुजून काळी पडली होती. कपाळावरचं रक्त भुवईत सुकत होतं आणि तिच्या मनात आलं, हे उद्या जांभळं होईल, बुधवारी हिरवं. मग पिवळं. यावेळी पावडर लावायची नाही.

पासपोर्ट कुठे आहेत, ऑफिसरने विचारलं. उल्काने सांगितलं, लॅपटॉपची बॅग, दुसरा कप्पा. पुढे काय होणार, व्हिसाचं काय, परत नागपूर की काय, घरभाडं कोण देणार, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. सोमवारी उवे सही करेल की नाही हे विचारण्यातही आता अर्थ नव्हता. तो टॉवेलात बर्फ गुंडाळून जबड्याला लावून पायरीवर बसला होता आणि तिच्याकडे बघून, बोलता येत नव्हतं म्हणून, फक्त मान हलवत होता.

सुशांतला नेताना तो तिच्यासमोर क्षणभर थांबला. हात मागे बेडीत. आता चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "अनयाचा तरी विचार करायचास," तो हळूच म्हणाला.

"काय म्हणाला तो?" ऑफिसरने विचारलं.

उल्काने शब्दाला शब्द लावून सांगितलं. ऑफिसरने लिहून घेतलं.

गाडी गेली. तिच्या दिव्यांचा लाल-निळा उजेड झाडांवरून उतरून गेला. गुद्रून आतून एक ताटली घेऊन आली, त्यात पाव, लोणी, मघाचे बटाटे. तिने विचारलं नाही, नुसती उल्काच्या मांडीवर ठेवली. उल्काने डाव्या हाताने पाव तोडला आणि खाल्ला. सावकाश, शेवटच्या कणापर्यंत. गुद्रूनने पाठीवर हात ठेवला, आणि त्या हाताला मणका न मणका ठाऊक असल्यासारखा तो बरोबर दुखऱ्या जागेवर थांबला.

अनया इतका वेळ गुद्रूनच्या मोठ्या स्वेटरमध्ये गुरफटून पायरीवर बसली होती. रडली नव्हती. मोजतही नव्हती. चेहऱ्यावरचं ते हसू गेलं होतं आणि त्याखाली एक साधं, दमलेलं, साडेपाच वर्षांचं तोंड होतं. ती उठून आईला चिकटून बसली. रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली. मग तिने आपल्या नाकाला बोट लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मम्मा," ती म्हणाली, "बाबाचे हात मागे बांधलेत ना. मग त्याच्या नाकाला खाज आली तर कोण खाजवून देणार?"